गाडीच्या पोटाखाली

कोल्हापूर-सांगलीकडे जुन्या गाडीचा सौदा चालू असताना नंबरप्लेटवर एमएच ०७ किंवा एमएच ०८ दिसलं की गिऱ्हाईक जरा मागे सरकतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची गाडी, म्हणजे खाऱ्या हवेतली, म्हणजे खालून सडलेली असणार, असा सरळ हिशोब. हिशोब अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दिवाळीच्या सुट्टीत कर्दे, नागाव, काशीद यांपैकी कुठल्याही किनाऱ्यावर उभं राहावं आणि ओल्या वाळूवरून पाणी उडवत पळणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचाव्यात. एमएच १२ आणि एमएच १४ भरपूर सापडतील. भरतीत रुतलेली गाडी ट्रॅक्टर लावून ओढून काढल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. पोलीस बंदी घालतात, बंदीचा फलक लागतो, फलकाशेजारून गाड्या वाळूत उतरतात. मग लॉजवर परत आल्यावर बादलीभर पाण्याने टप आणि काचा धुतल्या जातात आणि रविवारी रात्री गाडी ताम्हिणी चढून घरी. पोटाखालचं मीठ तसंच. काही वर्षांनी तीच गाडी विकायला निघते तेव्हा जाहिरातीत लिहिलेलं असतं : पुणे पासिंग, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन. उलट देवरुखातल्या एखाद्या मास्तरांची एमएच ०८ शेडमध्ये उभी असते आणि तिने समुद्र पाहिलेला असतो तो गणपतीपुळ्याच्या पार्किंगमधून.

पासिंगवरून गाडी कुठे नोंदवली ते कळतं, कुठे उभी राहिली ते कळत नाही. आणि गंजाच्या बाबतीत उभं राहणंच महत्त्वाचं. धावत्या गाडीखाली वारा असतो, सायलेन्सरची ऊब असते, तिथलं पाणी फार वेळ टिकत नाही. गाडीला पाणी लागल्याने फारसं बिघडत नाही. लागलेलं पाणी कुठेतरी अडकून राहिलं की बिघडतं. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे शाळेत परीक्षानळ्यांत खिळे टाकून सगळेच शिकतात. पण त्या प्रयोगातून असा समज होतो की जिथे हवा जास्त, तिथे गंज जास्त. केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात लोखंडाच्या स्वच्छ पृष्ठभागावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून पाहिलं, तेव्हा उलटंच दिसलं. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो, तिथलं लोखंड शाबूत राहिलं. मध्यभागी ऑक्सिजन तुटपुंजा, तिथलं लोखंड विरघळू लागलं. विरघळताना ते इलेक्ट्रॉन सोडतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन ते उचलतो. थेंबाएवढ्या जागेत एक पुरी बॅटरी चालू होते आणि तिचा खर्च मधल्या लोखंडाच्या खात्यावर पडतो.

आता थेंबाच्या जागी चाकाच्या वरच्या कमानीत चिकटलेलं चिखलाचं ढेकूळ ठेवा. किंवा दोन पत्र्यांच्या सांध्यातली फट, किंवा गालिच्याखालचा ओला नमदा. ढेकळाच्या बाहेर पत्रा उघडा, वाऱ्यावर वाळणारा. आत ओल आणि हवेचा तुटवडा. पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून महिनोन् महिने काही कळत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून सांध्यात तो धरला की दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो, फट रुंदावते, आणखी पाणी आत जातं.

मिठाने हे सगळं वेगात होतं. मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सहज जातो, आणि लोखंडावर धरू पाहणारा संरक्षक थर क्लोराइड टिकू देत नाही. शिवाय मिठाला आणखी एक खोड आहे : हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवा या रेषेच्या खाली क्वचितच येते. म्हणजे मे महिन्यात किनाऱ्यावर नेलेली आणि नंतर छपराखाली कोरडी ठेवलेली गाडीसुद्धा पावसाळाभर आतून ओली असते. बंदरांजवळ भर पडते ती मासळीच्या ट्रकांमधून रस्त्यावर गळणाऱ्या बर्फाच्या खारट पाण्याची. टोरंटो किंवा शिकागोकडच्या मराठी मंडळींना रस्त्यावरच्या मिठाबद्दल वेगळं सांगायला नको, तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठच पसरतात. पण कडाक्याच्या थंडीत ही रासायनिक क्रिया मंदावते. आपल्याकडे ती सवलत नाही.

कोकणात तपासणाऱ्याला आणखी एक चकवा आहे. जांभ्याची माती तांबडी असते ती तिच्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंज हाही लोखंडाचा ऑक्साइडच. त्यामुळे खाली वाकून पाहिलं तर रंगावरून काहीच उमगत नाही. ओल्या फडक्याने रगडून पुसावं. माती असेल तर फडक्यावर येते आणि खाली रंग गुळगुळीत लागतो. गंज असेल तर फडकं तांबडं होऊनही जागा खरखरीतच राहते, नखाला पोपडा लागतो.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना खाली वेगळी चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये वेगळी चॅसी नाही. वाकवलेले पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेली एक पोकळ पेटी, आणि सगळा भार त्या पेटीवर. फ्लोअरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. दारांखालून पुढून मागे जाणारी जी पोकळ पट्टी असते, जिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती या पेटीची मुख्य तुळई. त्यामुळे ‘खालचा थोडा पत्रा गेलाय, बाकी गाडी मस्त’ हे विक्रेत्याचं वाक्य ऐकताना पत्रा कुठला गेलाय हे विचारायलाच हवं.

कारखान्यात हा अख्खा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने साधारण २० मायक्रॉनचा थर पोकळ्यांच्या आतपर्यंत बसतो, मग तो भट्टीत भाजून पक्का करतात. गंजाविरुद्ध गाडीकडे असलेलं सगळ्यात चांगलं कवच तेच, आणि ते कुठल्याही गॅरेजात पुन्हा देता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असेल तर आणखी बरं. रंगाला ओरखडा गेला तरी आधी जस्त खर्च होतं, लोखंड वाचतं. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ साठी असा पत्रा वापरला, ऑडीने १९८० च्या दशकात १०० या गाडीसाठी. आपल्याकडच्या कुठल्या मॉडेलमध्ये किती पत्रा जस्ताचा आहे हे मात्र माहितीपत्रकात शोधून सापडेलच असं नाही. सनरूफबद्दल पानभर असतं.

नामांकित गाड्यांनाही गंजाने सोडलेलं नाही. इटलीच्या लान्चिया कंपनीची बीटा ही गाडी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकांना आवडली होती. तिच्यात इंजिन पेलणाऱ्या सबफ्रेमच्या जागी गंज सापडू लागला, १९८० साली वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि कंपनीवर गाड्या परत विकत घ्यायची वेळ आली. लान्चियाचं नाव तिथे पुन्हा सावरलं नाही, १९९४ मध्ये कंपनीने ती बाजारपेठच सोडली. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतलं. टोयोटाच्या टॅकोमा आणि आणखी दोन गाड्यांच्या चॅसी गंजून भोकं पडत असल्याच्या दाव्यांवर २०१६ मध्ये तडजोड झाली, सुमारे १५ लाख गाड्यांसाठी, ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची. दोन्हीकडे इंजिन उत्तम होतं.

तेव्हा जुनी गाडी बघायला जाताना बोनेट नंतर उघडावं. आधी ती रॅम्पवर घ्यायला सांगावं. वॉटर सर्व्हिसिंगच्या कुठल्याही सेंटरवर ही सोय असते आणि त्याचे पैसे आपण देऊ म्हणावं. ‘त्याची काय गरज आहे, घरची गाडी आहे’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघावं. बरोबर चांगला टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक पुरतं. चुंबक अशासाठी, की भोक बुजवून वर लांबी भरली असेल आणि रंग मारला असेल तर डोळ्याला फसवता येतं, चुंबकाला नाही. लांबीवर ते धरत नाही.

रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात एक हॅचबॅक अशीच रॅम्पवर चढलेली मी पाहिली. गाडी बघायला आलेले गृहस्थ खुशीत होते, कारण खालून गाडी एकसारखी काळीभोर, कुठे तांबडा ठिपका नाही. मिस्त्रींनी टॉर्च मारला तो पत्र्यावर मारलाच नाही.

“साहेब, सायलेन्सर बघा.”

सायलेन्सरच्या नळीवर काळ्या रंगाचे शिंतोडे होते. पेट्रोलच्या पाइपाच्या प्लॅस्टिक क्लिपा काळ्या, नट-बोल्टांची डोकी काळी, एका रबरी बुशावर तर ओघळ वाळलेला.

“कारखान्यात बॉडी रंगवून झाल्यावर सायलेन्सर बसतो. हा सायलेन्सर बसल्यावर रंगवलीय. कशाला रंगवली असंल?”

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने रनिंग बोर्डावर पुढून मागे ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाच्या अलीकडे एकदम आवाज बसला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिथे त्यांनी टोकाने नुसतं दाबलं. काळी कातडी आत गेली, तिच्यामागे काहीच नव्हतं. निचऱ्याच्या भोकात तार घालून हलवली तर तांबड्या भुग्याबरोबर चिमूटभर पांढुरकी वाळू खाली पडली. गाडी घाटावरची होती. तिचे मालक शेजारीच उभे होते आणि त्यांनी फोनमध्ये काहीतरी बघायला सुरुवात केली.

या ठोकण्याला काही शिक्षण लागत नाही, कान लागतो. रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, मागचा ॲक्सल जिथे बॉडीला अडकतो ते कोपरे, पुढचा क्रॉस मेंबर आणि लोअर आर्म, या जागा क्रमाने ठोकून पाहाव्यात. जॅकची जागा हटकून बिघडते, कारण तिथला रंग जॅकनेच खरवडलेला असतो. ब्रेकचे पाइप बोटाने चाचपावेत. लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून पावणेपाच मिलिमीटर जाडीचा आणि त्याची भिंत सुमारे ०.७ मिलिमीटरची, त्यावर पोपडे धरले असतील तर उरलेली भिंत किती हे बाहेरून सांगता येत नाही. मग पेट्रोलच्या टाकीचे पट्टे आणि टाकीत जाणारी नळी.

यानंतर गाडी खाली उतरवून आत बसावं, कारण फ्लोअर बऱ्याचदा वरून गंजतो. हे लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी पानं-धुळीने तुंबली की ते पाणी आत पायाशी उतरतं, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला. वर रबरी मॅट कोरडी दिसते. मॅट उचलून, गालिचा ओढून, खालच्या नमद्याला हात लावून बघावा. ओल लागली नाही तरी कुबट वास लपत नाही. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला कुजून हीच गत होते. डिक्कीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा खळगा पाहावा. दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं उघडी आहेत का तेही.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच विषय आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. नंतर कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९, चिपळुणात जुलै २०२१. बुडालेली गाडी वाळवून, सीटकव्हर बदलून बाजारात येते. पाणी वाळतं, पण पोकळ्यांत बसलेला गाळ तिथेच राहतो, आणि इव्हान्सच्या थेंबाला हवी असते तशी जागा गंजाला आयती मिळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा, पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले असतील तर उगाच गंजत नाहीत.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांची भानगड याच्या उलट. राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या. कोरड्या हवेतल्या म्हणून खालून त्या पुष्कळदा चांगल्या निघतात. डोकेदुखी असते ती एनओसी, पुन्हा नोंदणी आणि कराची.

बरं, गंज सापडला. आता?

वरवरचा तांबूस थर, नखाने न निघणारा, सबफ्रेमवर किंवा ॲक्सलवर दिसतो. आपल्या हवेत दहा वर्षांच्या गाडीला तो असणारच. त्यासाठी भाव पाडून मागावा, गाडी सोडू नये. पोपडे उठले असतील तर पोपडा काढल्यावर खाली घट्ट पत्रा लागतो का ते पाहावं. भोक पडलं असेल तर ते कुठे आहे यावर सगळं अवलंबून. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीला एक सोपा नियम आहे : सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या आधाराच्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. हा नियम आपल्याकडे लागू नाही, पण पट्टी जवळ ठेवून आपणच लावायला काय हरकत आहे? खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांसाठी असते, आणि तोवर खालून कोणी पाहिलंच पाहिजे असं बंधन नाही. स्टेपनीच्या खळग्यात भोक असेल तर दुरुस्त होतं. मागच्या ॲक्सलचा आधारच सडला असेल तर, कितीही स्वस्त असली तरी, त्या गाडीत घरच्यांना बसवू नये. विम्यातून काही मिळेल ही आशाही नको, झीज पॉलिसीत धरत नाहीत.

भोक असलेल्या जागी चांगला टिंकर काय करतो? सडलेला पत्रा कापून काढतो, निरोगी लोखंड लागेपर्यंत. आळशी टिंकर त्याच्यावर नवा पत्रा ठेवून चार ठिकाणी टाके मारतो. दोन पत्र्यांच्या मध्ये जुना गंज आणि ओल कोंडली जाते, आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. ब्रिटनचा नियम इथेही कामाला येतो : ठिगळाच्या सगळ्या कडेने सलग वेल्डिंग हवं, टाके चालत नाहीत. गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग करून घ्यावं, पातळ पत्रा त्याने कमी तापतो, कमी वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायला सांगावं, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. टाकी आणि पेट्रोलचे पाइप जवळ असतील तर ते आधी काढायचे, यावर घासाघीस नको. गंजलेला ब्रेक पाइप रंगवायचा नसतो, बदलायचा असतो.

पोपडे आणि वरवरचा गंज यांचं काम घरीही जमतं, पण वेळ निवडून. पत्र्याचं काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. मेअखेर ढग दाटल्यावर गॅरेजात रांगा लागतात आणि ओल्या पत्र्यावर रंग चढतो. आधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठ लावणं. मग दोन दिवस उन्हात. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून, डोळ्यांवर गॉगल घालून, लोखंड चकाकेपर्यंत घासायचं. कंटाळवाणं आणि घाणेरडं काम, आणि नेमकं हेच मजुरीत वाचवलं जातं.

खळग्यांत ब्रश पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, टॅनिन असतं किंवा दोन्ही. टॅनिन आणि लोखंडाचा संयोग होऊन निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनतो. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात गोळा होणाऱ्या हिरड्यात हेच टॅनिन असतं, आणि कलमकारीच्या कापडावरचा काळा रंग हिरडा नि लोखंड यांच्या याच संयोगातून येतो. रंगाऱ्यांना हे शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. पण कन्व्हर्टर पातळ, घट्ट धरलेल्या गंजावरच काम करतो. जाड पोपड्यांवर ओतला तर वरचा पोपडा काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम चालू ठेवतो.

त्यावर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडू नये, त्यातून ओल आत झिरपते. प्रायमर पुरता वाळल्यावर रंग, आणि शेवटी दगडांचा मार झेलणारं रबरी अंडरकोटिंग. सगळा क्रम उलटा करून पहिल्याच दिवशी अंडरकोटिंग मारणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दुकानदार ‘टेफलॉन कोटिंग’ म्हणतो, दोन तासांत गाडी काळी करून देतो. नव्या कोऱ्या गाडीवर ते मारलं तर ठीक. गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर गंजाला छप्पर मिळतं. डांबरी कोटिंग वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तडकतं, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. त्यात निचऱ्याची भोकं बुजली तर विचारूच नका. कोटिंग करून घेताना समोर उभं राहावं : भोकं उघडी हवीत, सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, रबरी बुश यांवर फवारा जाता कामा नये.

पोकळ्यांच्या आत मात्र कडक थर नकोच. तिथे लांब नळीने मेणासारखं किंवा तेलासारखं पातळ द्रव्य फवारायचं. ते सांध्यात झिरपतं आणि मऊ राहतं. कॅनडात दर हिवाळ्याआधी गाडीखाली तेलाचा फवारा मारून घेण्याची प्रथा आहे, ती याच कारणाने टिकली आहे. आपल्या जुन्या ड्रायव्हरांची खाली जळकं ऑइल मारण्याची युक्ती त्याच जातीची. ती निखालस खोटी नाही, तेल पाण्याला बाजूला सारतंच. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्लं असतात, धातूचा कीस असतो, ते रबर फुगवतं, अंगणात गळतं आणि पावसाबरोबर विहिरीपर्यंत जातं. नवं, त्या कामासाठीचं द्रव्य फार महाग नसतं.

गाडीला वायर जोडून ‘विजेने गंज थांबवणारी’ यंत्रंही विकली जातात. जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपलाइनला ही पद्धत लागू पडते, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि संरक्षक प्रवाहाला वाट मिळते. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे जस्त आणि लोखंड जोडून असेच वाचवून दाखवले होते. रस्त्यावरची गाडी हवेत असते. प्रवाह जाणार कुठून?

काम करून झालेल्या गाडीची नंतरची निगा फार नसते. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी खालून धुणं, चाकांच्या कमानीतला चिखल हाताने काढणं, वर्षातून एकदा एसीची नळी आणि दारांची भोकं मोकळी करणं. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये. बंद, कोंदट गॅरेजपेक्षा उघडी शेड बरी.

आणि एक कागदी काम. पत्रा कापल्यावर, वेल्डिंग झाल्यावर, प्रायमर वाळल्यावर, प्रत्येक टप्प्यावर खालून फोटो काढून बिलासोबत ठेवावेत. पुढे कधी ही गाडी विकायला काढाल, तेव्हा समोरचा माणूस तिला रॅम्पवर चढवेल आणि काळंभोर पोट बघून पहिला टॉर्च सायलेन्सरवर मारेल.